भाऊजींनी आणलेला टीव्ही

सीमा : भाऊजी, ही माणसं अशी भराभर वर का चाललीत? आत्ता डोकं होतं तिथे पाय आले.

नीलेश : अँटेना नीट नसेल, वहिनी. दादाला सांगा, अजून जरा फिरव म्हणावं.

सीमा : सकाळपासून कौलांवरच आहेत ते. अँटेना फिरवून झाली, ती बांधलेला पोफळीचा सोट हलवून झाला. अर्धं उमेळं गाव विचारून गेलं, नरहरी वर काय शोधतोय म्हणून.

आनंदीबाई : रंग नाहीत रे, नीलेश. आणि ही बाई बोलतेय की नुसती तोंड हलवतेय?

नीलेश : येईल आवाज, आई. सेट गरम व्हायला वेळ लागतो. अमेरिकेतला माल आहे, इकडच्यासारखा डबडा नाही.

सीमा : गरम तर झालाय. वास येत नाही तुम्हाला?

नीलेश : तो त्या ट्रान्सफॉर्मरचा. कुठून आणला?

सीमा : वालीवच्या कारखान्यातून. तुमच्या दादांनी अर्धा दिवस रजा टाकून आणला. तुमच्याकडे वीज एकशे दहाची, इथे दोनशे तीसची, हे आम्हाला शेजारच्या फेबियनने सांगितलं म्हणून. नाहीतर कालच होळी झाली असती, हळदीकुंकवासकट.

आनंदीबाई : मी नारळ फोडला होता गं कालच. न्यू जर्सीहून एवढं ओझं उचलून आणलं लेकाने.

नीलेश : ओझं म्हणजे काय, आई! एअरपोर्टवर कस्टमवाल्याशी केवढी हुज्जत घातली मी.

सीमा : भाऊजी, खरं सांगा. हा इथे चालणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

नीलेश : तसं म्हणजे... तिकडची सिस्टिम वेगळी असते, असं कुणीतरी म्हणालं होतं. ॲक्चुअली मी एवढं खोलात गेलो नाही. म्हटलं, लागला तर लागला.

सीमा : लागला तर लागला! आणि आम्ही आमचा चांगला चालणारा टीव्ही नथूला देऊन बसलो. तुमचा येणार म्हणून आईंनी आठ दिवस आधीच पाठवून दिला त्याच्या घरी. दुपारभर आईंना तेवढाच विरंगुळा होता. गुडघ्यांनी अंगणात जाता येत नाही त्यांना.

नीलेश : मग परत मागा ना. नथू आपलाच गडी आहे.

आनंदीबाई : दिलेलं परत मागायचं? तुझ्या बापाने कधी मागितलं नाही.

नीलेश : बरं, राहू दे. आपण नवीन घेऊ, मोठा. उद्याचं काम होऊ दे एकदा. आई, दहाला तयार राहा हं. बिल्डर गाडी घेऊन येतोय, वसईला जाऊन सही करायची आणि मोकळं व्हायचं. विहिरीकडचा तुकडा माझ्या वाट्याला, हे काल तू स्वतः म्हणालीस.

सीमा : या खोक्याला हार घालता घालता म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या विहिरीवर सगळी वाडी उभी आहे, भाऊजी. केळी, पानवेल, सगळं. ती गेली तर यांनी काय विकत घेतलेल्या टँकरवर शेती करायची?

नीलेश : वहिनी, शेतीत आता काय राहिलंय? आजूबाजूला बिल्डिंगी बघा.

आनंदीबाई : तू थांब, सीमा. नीलेश, हा टीव्ही तुमच्या घरातला का?

नीलेश : हो. बेसमेंटमध्ये पडून होता. आम्ही मोठा घेतला ना दिवाळीत.

आनंदीबाई : तिकडे कुणाला दिला नाहीस?

नीलेश : तिकडे जुना टीव्ही कोण घेतंय! उलट फेकायचा तर आपणच पैसे भरायचे. म्हटलं, बॅगेज तर फुकट आहे, इथे तरी कामाला येईल.

(सीमाने पदराने नाक धरलं. जळका वास होताच, पण तिला वीट आला होता तो माणसाचा. दिराच्या तोंडावर थुंकता येत नाही, म्हणून ती खिडकीशी गेली.)

आनंदीबाई : नथूला आपण जुनी चादर देतो ना, सीमा?

सीमा : देतो, आई.

आनंदीबाई : तुला आठवतं ना, मी ती धुऊन, उन्हात वाळवून द्यायला लावते. फाटली असेल तर शिवून. म्हणते, आपलं उतरलेलं असलं तरी त्याच्या पोराबाळांच्या अंगावर जायचंय.

नीलेश : आई, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी प्रेमानेच आणला.

आनंदीबाई : मलाही तसंच वाटलं होतं रे. गावभर सांगत सुटले मी. चहा पाजला येणाऱ्याजाणाऱ्याला. कुंकू लावलं या खोक्याला, देवाला लावतात तसं. कसली मेली शिसारी येतेय आता माझीच मला.

नीलेश : एका टीव्हीसाठी एवढं?

सीमा : टीव्हीसाठी नाही हो, भाऊजी. कचरा आईच्या दारात आणून टाकलात आणि वर हार घालून घेतलात.

नीलेश : वहिनी, जपून बोला.

आनंदीबाई : बरोबर बोलली ती. बटण बंद कर आधी, डोळे दुखायला लागले. आणि तुझ्या दादाला सांग, उतर खाली म्हणावं, जेवायची वेळ झाली.

नीलेश : ठीक आहे. पण आई, उद्या दहाला... वाडीचं काय सांगू त्यांना?

आनंदीबाई : सांग, विहिरीला अजून पाणी आहे.