गुळगुळीत कोपरा

कॅनडातल्या सस्काटूनच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्च्यांवरून मराठी कानावर आलं आणि विश्वनाथरावांनी पुस्तकात डोकं आणखी खाली घातलं. आपण बोलावं की नाही, हे त्यांचं ठरेना, म्हणून ते नुसते ऐकत राहिले. शेजारी बापलेक बसले होते.

“बाबा, काल आपल्या अंगणातल्या स्विमिंग पूलभोवती काँक्रीट ओतून कामगार जेवायला गेले, तेवढ्यात तुम्ही त्या कोपऱ्याला काय केलंत?”

“पाणी शिंपडून थापीनं घोटला. अक्षता, चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी. आरसा झालाय की नाही?”

“तोच आरसा हिवाळ्यात पापुद्रे होऊन सुटेल. पाण्यानं वरचा थर कच्चा झाला आणि घोटून तुम्ही त्यातली हवा घालवलीत.”

“काँक्रीटमध्ये हवा? आम्ही जन्मभर ती काढत आलो!”

“इथे मुद्दाम घालतात. बारीक बुडबुडे. आत मुरलेल्या पाण्याचा बर्फ झाला, की त्याला फुगायला जागा लागते.”

“खरंच? किती बारीक गं?”

“डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके. जाऊ दे, काँट्रॅक्टरला काही बोलायला नको. हिवाळा संपला की एप्रिलमध्ये बघू.”

“एप्रिलमध्ये मी सांगलीत असेन आणि बोलणी तो बिचारा खाईल. लाव फोन. म्हण, कोपरा माझ्या बापानं बिघडवला, फोडून नवा करा.”

“बाबा!”

“आणि विचार, ते बुडबुडे न मोडता काँक्रीट सपाट कसं करतात, ते बघायला मी उभा राहू का? हात लावणार नाही म्हणावं.”

“राहवेल तुम्हाला?”

“हात खिशात घालून ठेवतो. नाहीतरी थंडी आहेच.”