पांगळवाडीच्या दोराबद्दल

पोलीस ठाणे कल्याण, जिल्हा ठाणे. तारीख २१ जानेवारी १८८७, शुक्रवार, दोन प्रहर.

नाव त्र्यंबक गोविंद पाठारे, वय ४९ वर्षे, धंदा भाताच्या वखारीत कारकुनी, पूर्वी अंध-पंगु आश्रमात कोठारी, राहणार कल्याण, पारनाका.

फौजदारसाहेबांपुढे हजर राहून, देवाला स्मरून सांगतो की,

सदर आश्रम मलंगगडाच्या वाटेवर कल्याणपासून दीड कोसावर आहे. आसपासचे लोक त्याला पांगळवाडी म्हणतात. कल्याणच्या एका व्यापारी शेठजींनी तो बांधला. मी तेथे चौदा वर्षे कोठाराचे काम पाहिले. शेवटी तेथे एकतीस माणसे होती, त्यांत नऊ आंधळी. शेठजी वारल्यावर त्यांच्या मुलांनी आश्रम बंद केला व गेल्या फेब्रुवारीत माणसांना गाड्यांतून आपापल्या नातलगांकडे पोचवले. ज्यांना नातलग नव्हते ते कोठे गेले, हे मला विचारलेले नाही.

मयत सेलेस्टीन, वय अंदाजे चाळीस, ख्रिस्ती, ठाण्याची. देवी येऊन लहानपणीच तिचे दोन्ही डोळे गेले होते. ती आश्रमात तेरा वर्षे होती. स्वयंपाकघराचे पाणी शेंदण्याचे काम तिने स्वतः मागून घेतले होते. आश्रम बंद झाल्यावर ती ठाण्यास तिचा भाऊ अल्फान्सो याच्याकडे राहिली.

आंधळ्या माणसांना फिरता यावे म्हणून ओटीच्या खांबापासून विहिरीच्या बाजूने पुढे धुण्याच्या दगडापर्यंत कमरेइतक्या उंचीवर काथ्याचा दोर बांधलेला होता. दोराला एक मोठी गाठ होती. गाठ हाताला लागली की दोर सोडून उजवीकडे वळायचे. चार पावलांवर विहिरीचा कठडा व रहाट. कठडा तेवढ्याच बाजूस आहे. त्याच्या पुढे, धुण्याच्या दगडाच्या अंगाला, जेथे पूर्वी मोट चालत असे, तेथे विहीर उघडी आहे. चौदा वर्षांत तेथे कोणी पडले नाही.

गेल्या रविवारी अल्फान्सो वखारीत आला. म्हणाला, "बाय रोज एकच बोलते, मना पांगळवाडीत नेऊन सोडा. एक डाव नेऊन आनतो, म्हंजे तिचं मन निवंल. तुमी संगती या." मी हो म्हटले.

काल गुरुवारी ती दोघे सकाळच्या आगगाडीने कल्याणास आली. आम्ही छकडा करून निघालो व नऊच्या सुमारास पोचलो. फाटक नव्हते. दारे, खिडक्या व निम्मी कौले लोकांनी नेली आहेत. ओटीवर चढताना मला ठेच लागली. ती हसून म्हणाली, "भाऊ, तुमाला डोले हायेत, तरी तुमीच ठेचकालता."

तिने ओटीचा खांब चाचपला, दोर हाती घेतला व ओढून पाहिला. मी हात पुढे केला. ती म्हणाली, "ऱ्हाऊं द्या. इकरं मना कोनाचा हात नको. घरी वैनी मना उंबऱ्याभायेर पाय ठेवूं देत नाय. पडशील म्हनते." अल्फान्सो बैल सोडीत होता. तो म्हणाला, "बाय, विहिरीकरं नको जाऊं." ती म्हणाली, "गप रे. तेरा वर्सं पानी कोनी भरलं, तुझ्या बायकोनी?"

मी आत गेलो. कोठारात उंदरांनी उकरलेली माती होती. बायकांच्या दालनात भिंतीवर, प्रत्येकीच्या बिछान्यामागे, डोके टेकून पडलेला तेलकट डाग अजून आहे. मी डागांवरून नावे आठवीत गेलो. दोन आठवली नाहीत. दालनाच्या शेवटी कोनाडा आहे. त्यात आमचा गणपती असे व त्याच्या शेजारी सेलेस्टीनचा लाकडी क्रूस. शेठजींनी ते तसेच राहू दिले होते. कोनाडा रिकामा होता. मी तेथे हात जोडून उभा असता बाहेर ओरडा झाला.

मी धावलो तेव्हा अल्फान्सो विहिरीत उतरला होता. शेजारच्या वावरातून दगडू व मारुती हे दोघे आले. चौघांनी मिळून तिला बाहेर काढले. ती वारलेली होती. तिच्या उजव्या हाताची मूठ मिटलेली नव्हती, कठडा धरावयास पुढे केल्यासारखा पंजा उघडा होता. काल पंचनाम्यात हे लिहिले नाही म्हणून आज सांगतो.

पंचनाम्यात दगडूने सांगितले आहे की त्याने वावरातून पाहिले, बाई दोर धरून आली, वळली व न थांबता, न चाचपता चार पावले सरळ चालत विहिरीत गेली. सबब जाणून जीव दिला, असे पंचांचे मत पडले. तिला भावाच्या घरी सुख नव्हते, असेही कोणी सांगितले. दगडूने जे पाहिले ते खरे आहे. मत खरे नाही.

जीव दिला असे ठरले तर चर्चच्या जागेत माती देता येणार नाही, असे ठाण्याच्या पाद्रींनी कळवले आहे. ते पोलिसांच्या कागदाची वाट पाहत आहेत. तिच्या आईबापांना तेथेच पुरले आहे. ती काल दुपारपासून येथील दवाखान्यात आहे. अल्फान्सो दवाखान्याच्या दाराशी बसून आहे व जेवलेला नाही.

मला रात्री चैन पडले नाही म्हणून आज दिवस उगवताच मी एकटा तेथे गेलो. ओटीपासून विहिरीकडे जाणारी पायवाट गवतातून अजून दिसते. ती कठड्यासमोर उजवीकडे वळते, तेथे जमीन पावलांनी खोल झिजली आहे. गाठ तेथे नाही. गाठ तेथून सात हात पुढे, विहिरीच्या उघड्या बाजूसमोर आहे. मी हाताने तीन वेळा मोजले.

गाठ पुढे कशी गेली ते मला ठाऊक आहे. गेल्या फेब्रुवारीत शेवटची गाडी भरताना जाते व बिछाने बांधावयास दोर पुरेना. मी धुण्याच्या दगडाकडून सात हात कापून घेतला. राहिलेले टोक जमिनीवर लोंबू लागले. ते बरे दिसेना. इतकी वर्षे ज्या दोराने माणसे चालली तो असा टाकून जाणे मला प्रशस्त वाटले नाही. ओटीच्या खांबाला दोराचे जादा वेढे होते. ते सोडून मी दोर पुढे ओढला व दगडाजवळच्या खुंटाला पहिल्यासारखा ताठ बांधला. मग नमस्कार करून गाडीत बसलो. तेथे पुन्हा कोणी येणार नव्हते. गाठीचा विचार माझ्या मनात आला नाही.

दोर लोंबत राहिला असता तर तिने हाती घेताच ओळखले असते. मी तो नीट बांधला होता म्हणून तिने भरवसा ठेवला. गाठ लागली, वळली, चार पावले गेली. तेरा वर्षे रोज जशी जाई तशीच गेली. ती पाण्याकडे जात होती. मरावयास जात नव्हती.

फौजदारसाहेब म्हणाले, "त्र्यंबकराव, हे लिहून दिलेत तर जबाबदारी तुमच्यावर येते. वर विचारणा झाली तर नोकरीही जाईल. घरी जाऊन विचार करा, उद्या या." मी म्हटले, "उद्यापर्यंत तिला ठेवता येणार नाही. आजच लिहा." साहेब माझ्याबरोबर येऊन दोर पाहणार असतील तर मी तयार आहे. तोवर त्यास कोणी हात लावू नये. या जबाबाची नक्कल अल्फान्सोबरोबर ठाण्यास पाद्रींकडे आजच पाठवावी, ही विनंती.

अल्फान्सो किंवा त्याच्या बायकोविरुद्ध माझी तक्रार नाही. मजवर कोणी दबाव आणलेला नाही.

वरील मजकूर कारकुनाने मला सावकाश वाचून दाखविला. दोर बांधल्याच्या ठिकाणी त्याने माझ्याविषयी कळवळा येऊन "घाईघाईत" असे घातले होते. ते मी खोडावयास लावले. घाई नव्हती. गाडी उभी होती, पण मी वेळ घेऊन बांधला. खोडल्याजागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही, त्र्यंबक गोविंद पाठारे