दर्शनाची फाईल

जोया : काकू, असं मागे उभं राहू नका ना. बसा खुर्चीवर.

वैजयंतीबाई : उभीच बरी आहे मी. मागच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात होते आणि तू या कॉम्प्युटरपाशी एकटी होतीस.

जोया : म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?

वैजयंतीबाई : काही नाही गं. बघते आहे, तू काय करतेस ते. साफ केलं म्हणून गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतो. रेवणप्पा म्हणत होते, ही दुरुस्तीवाली माणसं स्वतःच टाकतात आणि स्वतःच काढतात.

जोया : रेवणप्पा शेठनी चादरी विकाव्यात. मला एवढा टाइम नै. अब्बांच्या दुकानात मशीनी उघड्या पडल्यात, आणि मी इथं तुमचा संशय ऐकत बसलेय.

वैजयंतीबाई : रागावू नकोस. चहा ठेवू का तुला?

जोया : तुम्ही घेणार असाल तर.

वैजयंतीबाई : मी नाही. माझं दर्शन व्हायचं आहे अजून. चातुर्मासाचा नेम आहे, दर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाही.

जोया : मग राहू दे. आधी ही इंटरनेटची वायर काढते. बाहेरून कोण आत बघत असेल तर त्याचा रस्ता बंद. आता मशीन पुन्हा चालू करते, कमीत कमी गोष्टी चालतील अशी. काकू, एक सांगा. तुमच्याकडं कामाला होती त्या अंकितावर नक्की काय आळ आहे?

वैजयंतीबाई : आळ कसला, सरळ दिसतं आहे. ज्वारीच्या कणसाच्या चादरीचं डिझाईन तिनं इथंच बसून काढलं. अजून मागावर चढलं नव्हतं, आणि रेवणप्पांना दुसऱ्याच कारखान्याच्या गठ्ठ्यात तीच चादर दिसली. कणसाच्या एका अंगाला आम्ही दाणे कमी ठेवले होते, पाखरानं खाल्ल्यासारखे. तेसुद्धा तसेच. आता हे तिला ठाऊक आणि मला. तिसरं कोण?

जोया : तिसरा या मशीनमध्ये बसलाय. गुरुवारी तेच सांगत होते मी तुम्हाला.

वैजयंतीबाई : तो बसवला कुणी, तेच विचारते आहे मी. तू आलीस त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, तिला जाताना थांबवलं. ओट्यावर पिशवी उपडी करायला लावली. डबासुद्धा उघडायला लावला.

जोया : डब्यात काय होतं?

वैजयंतीबाई : भाकरी होती. अर्धी खाल्लेली.

जोया : हं. सापडली बघा. ही फाईल गुरुवारी मी केराच्या पेटीत टाकली होती, आज परत जागेवर. आणि अँटिव्हायरस गप्प आहे, कारण त्याला कुणीतरी सांगितलंय, या फाईलला चालू दे म्हणून.

वैजयंतीबाई : परत आपोआप आली असेल.

जोया : कधी कधी येतात. पण ही नै आली. पेटीतून काढून, हातानं, होती तिथंच ठेवलीय. आणि अंकिता तर बुधवारीच काम सोडून गेली.

वैजयंतीबाई : मग तिची किल्ली असेल कुणाकडे.

जोया : किल्ली तुमच्या कनवटीला आहे काकू. गुरुवारनंतर या खोलीत कोण आलं? मी आणि तुम्ही.

वैजयंतीबाई : म्हणूनच तर मी मागे उभी आहे.

जोया : राहा मग. बघत राहा. ही निवडली. ही गेली पेटीत. आता पेटी रिकामी करते. गुरुवारी नेमकी लाईट गेली आणि हेच राहून गेलं माझ्याकडून.

वैजयंतीबाई : थांब.

जोया : काय झालं?

वैजयंतीबाई : तिथं नको टाकूस त्याला.

जोया : कुणाला?

वैजयंतीबाई : त्या केराच्या टोपलीत. बघवत नाही गं मला. सिद्धेश्वर आहेत ते.

जोया : काकू, ही फाईल तुम्ही उघडता?

वैजयंतीबाई : रोज पहाटे. आज तेवढी लाईट नव्हती. गुडघे धरले तेव्हापासून तळ्यातल्या देवळापर्यंत जाववत नाही. चातुर्मास लागला आणि कुणा भक्त मंडळाच्या नावानं मेल आली, घरबसल्या दर्शन म्हणून. उघडलं की गाभारा दिसतो, पिंडीवर बेल, पाठीमागे घंटा. तेवढं बघते आणि मग दूध घेते.

जोया : आणि टोपलीतून परत कुणी काढली?

वैजयंतीबाई : शुक्रवारी पहाटे बघते तर देव जागेवर नाहीत. शोधले, तर केरात. कुणीही काढलं असतं. टोपलीतली वस्तू परत कशी आणायची ते अंकितानंच शिकवलं होतं मला.

जोया : लाल चौकट आली असेल.

वैजयंतीबाई : सुरुवातीला यायची. धोका आहे, चालवू का, असं काहीतरी. आता देवाला नाही कसं म्हणायचं? परवानगी द्या यावर दाबलं. मग पुन्हा नाही आली ती.

जोया : काकू, बसा आता. बसा इथं, ही अक्षरं वाचा. फोटो असता तर नावाच्या शेवटी वेगळी अक्षरं असती. ही फाईल फोटो नै. हे आपोआप चालणारं सॉफ्टवेअर आहे. वरून गाभारा दाखवतं, आणि तुम्ही हात जोडलेले असता तेव्हा मागचं दार उघडतं. तिकडं बसलेल्या माणसाला तुमचा पडदा दिसतो, डिझाईनं दिसतात, तुम्ही दाबलेला पासवर्डसुद्धा. कणसाची चादर तिथून गेली असणार.

वैजयंतीबाई : देवाच्या नावानं कोण असं करेल?

जोया : ज्याला माहीत आहे की तुम्ही नाही म्हणणार नाही, तो.

वैजयंतीबाई : आणि मी त्या पोरीची भाकरी उचकून बघितली.

जोया : आता पेटी रिकामी करायची. पण तुम्ही करा. मी केलं तर उद्या वाटेल, जोयानं आमचे देव पुसले.

वैजयंतीबाई : असं मला वाटलं असतं गं. खोटं कशाला बोलू. कुठं दाबायचं?

जोया : इथं. आणि विचारेल, कायमचं काढू का.

वैजयंतीबाई : देवा, तुमचा वेश घेऊन आलेला काढते आहे. राग मानू नका. झालं?

जोया : ती गेली. अजून तिचं पिल्लू राहिलंय, मशीन चालू झालं की आपोआप उठणारं. तेही काढते, मग पूर्ण तपासणी लावते. तरी माझा भरवसा नै बसणार. डिझाईनं तपासून बाजूला घेते आणि विंडोज पुसून नव्यानं टाकते. मेलचा आणि बँकेचा पासवर्ड मात्र आजच बदला, मोबाइलवरून. आणि तुमची डिझाईनं घेणाऱ्या कारखान्यांना कळवा, आमच्या नावानं काही आलं तर उघडू नका.

वैजयंतीबाई : कळवते. आधी तिला लावून दे फोन.

(फोन लागतो. स्पीकरवर अंकिता, वळसंगहून.)

अंकिता : बोला की.

वैजयंतीबाई : अंकिता, काकू बोलते आहे. चादरीचं कळलं. तू नव्हतीस. मी पहाटे दर्शनाची म्हणून जी फाईल उघडत होते ना, तिच्यातून चोर आत शिरला होता. माझ्या हातून झालं.

अंकिता : लाल चौकट यायची, तीच का? मी इचारलं हुतं तुमाला, मेलमधनं काय घेतलंय म्हणून. तुमी म्हणला, देवाच्या कामात पडू नगंस.

वैजयंतीबाई : म्हणाले होते. उद्यापासून ये, बाळ.

अंकिता : येऊन काय करू? शेठनी हितं गावापतूर सांगितलंय, पोरीनं डिझाईन इकलं. माजा भाऊ बोलंना झालाय माज्यासंगं.

वैजयंतीबाई : तिकडंच निघते आहे मी, रेवणप्पांच्या पेढीवर. त्यांच्या समोर बसून सांगते, आणि त्यांनाच तुझ्या भावाला फोन करायला लावते.

अंकिता : तुमचं गुडघं?

वैजयंतीबाई : रिक्षा आहे की.

अंकिता : सकाळपास्नं पोटात काय हाय का?

वैजयंतीबाई : नाही गं.

अंकिता : कायतरी खाऊन जावा. भावाला फोन आला तर येते मी.

वैजयंतीबाई : येईल. आणि पिशवी आत आणत जा हं, आधीसारखी. टेबलाखाली ठेव.

अंकिता : न्हाय काकू. पिशवी ओट्यावरच ठेवीन मी.