सौम्य, मध्यम, तीव्र

— नाही हो, वेड नाही लागलेलं त्यांना. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, कळतंय मला. तुमच्या पुढे बसलेली ती चष्मेवाली म्हणाली, आणि मला ऐकू आलं, आणि आता तुम्ही बिचाऱ्या पाणी घेऊन आलात तर राग सगळा तुमच्यावर निघतोय — बसा ना. बसा. टॉयलेटच्या बाहेर बाक कशाला ठेवलंय कुणास ठाऊक, पण आमच्या उपयोगाचं आहे. आत गेल्यात त्या. मी बरोबर जात नाही. दारापर्यंत सोडायचं आणि पाठ फिरवायची, तेवढा त्यांचा मान ठेवते मी अजून. बहीण नाही हो. जाऊबाई. मोठ्या जाऊबाई माझ्या. ताई म्हणते मी, त्या मला धाकटे म्हणतात — म्हणायच्या. बहिणी वाटतो ना? सगळ्यांनाच वाटतो. दोघी जावा एका ऑफिसात, एका घरात, एका डब्यात जेवतात म्हटल्यावर लोकांना वाटायचं, ह्यांची भांडणं होतात तरी कधी! व्हायची की. ऑफिसातली घरी करायचो आणि घरातली ऑफिसात.

तुम्ही आमच्यातल्या नाही ना? गळ्यात बिल्ला नाही म्हणून विचारलं. लेकीला सोबत म्हणून आलात — छान केलंत. मग तुम्हाला वाटत असेल, ही एवढी माणसं दोन दोन दिवस कसले आकडे घोकतायत. मेडिकल कोडर म्हणजे काय, पेशंट घरी गेला की त्याचे कागद आमच्याकडे येतात. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं, आणि प्रत्येक दुखण्याला, प्रत्येक ऑपरेशनला त्याचा त्याचा कोड लावायचा. पडला असेल तर कशावरून पडला — जिन्यावरून वेगळा, शिडीवरून वेगळा. हसू नका, खरंच आहे. आणि दरवर्षी त्यात बदल, म्हणून दरवर्षी हे संमेलन. शिकून घ्या नाहीतर सर्टिफिकेट गेलं. तुमची लेक सांगेल.

मला ह्यात ताईंनीच आणलं. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडे इतिहासाची पदवी, तिचा घरात कुणाला उपयोग नाही, मलाही नाही. ताईंनी स्वयंपाक करता करता मला हाडं शिकवली. ओट्याशी उभ्या राहून, कणीक मळता मळता — हात पिठात, आणि कोपराने माझ्या कोपराला ढोसून विचारायच्या, ह्याचं नाव? चुकलं की पुन्हा ढोसायच्या. काळंनिळं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, हात दुखतोय गं. लगेच ताई — डावा की उजवा? सासूबाई भडकायच्या, अगं दुखतोय म्हणते ना, बाजू कसली विचारतेस! पण बाजू कळल्याशिवाय कोड लागत नाही ना, त्यांच्या अंगातच भिनलेलं ते. आणि कमीजास्त करणं बिलकूल खपायचं नाही. एकदा एका लहान मुलीचे कागद होते, मला फार वाईट वाटलं, मी जरा — म्हणजे दोन कोड चालले असते, मी त्यातला हलका लावला. ताईंनी तो कागद माझ्यापुढे परत ठेवला. म्हणाल्या, धाकटे, तुझ्या दयेने तिचा आजार उतरणार आहे का? जे आहे ते लिही.

ह्याच हॉलमध्ये शिकवायच्या त्या. मोडलेल्या हाडांचं सत्र असायचं त्यांचं, उभं राहायला जागा नसायची. तिथेच पहिल्यांदा झालं. बोलता बोलता थांबल्या आणि पाय वर केला, असा, एका पायावर उभ्या, हाताने दाखवतायत — हा, हा — लोकांना वाटलं खेळ चाललाय, हसले सगळे, मागून कुणीतरी ओरडलं, घोटा! ताई म्हणाल्या, शाब्बास, लक्ष आहे तुमचं! टाळ्या. मी पहिल्या रांगेत. टाळ्या मीही वाजवल्या, पण त्यांचा दुसरा हात दिसत होता मला, टेबलाची कड धरलेली होती घट्ट. घरी येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, धाकटे, मला खरंच आठवला नव्हता गं.

मग एकेक जायला लागलं. आणि गंमत बघा — गंमत काय म्हणते मी — आधी घरातले शब्द गेले. चमचा गेला. उशी गेली. ते दे गं, ते, ढवळायचं. आणि मांडीच्या रक्तवाहिनीचं ते लांबलचक नाव मात्र खडाखडा. आम्ही घरात हसायचो, त्यासुद्धा. मोठे दीर म्हणायचे, डोक्यात आकडे भरून भरून चमच्याला जागा उरली नाही. ऑफिसात मी त्यांच्या शेजारी टेबल मागून घेतलं. अडल्या की पेन आपटायच्या, मी हळूच शब्द सांगायचे. परीक्षेत कॉपी करतात ना, तसं. किती तरी दिवस निभावलं आम्ही. नंतर ती मोठी नावंही जायला लागली, मग निभेना.

डॉक्टरांकडे मीच नेलं. चांगले होते हो डॉक्टर, मायेचे. म्हणून तर आडून आडून बोलत होते — वय आहे, थकवा आहे, थोडंफार होतंच. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, डॉक्टर, थोडंफार ह्याला कोड नाही. तुम्ही कागदावर काय लिहिणार आहात? मग त्यांनी सांगितलं. शब्द जातात, मग माणसं ओळखू येईनाशी होतात, मग बाकीचं. नाव मोठं आहे, कशाला तुम्हाला. ताईंनी मान हलवली. थँक यू म्हणाल्या. बाहेर आलो, लिफ्ट सोडून जिन्याने निघाल्या, आणि मधल्या वळणावर थांबून म्हणाल्या, ह्याचे कागद मी किती केलेत गं, सगळं पाठ आहे मला. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ताई, प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणाल्या, सुरुवातीचं वेगळं असतं. शेवटचं पान सगळ्यांचं एकच.

बघा, काय करणार ह्यावर? दुसऱ्या कुणाला निदान आशा तरी असते, काहीतरी वाचतील, कुणी काहीतरी सांगेल. ताईंना पुढची पायरी आधीच दिसायची, आणि ती यायची. आली की माझ्याकडे बघायच्या — सांगितलं नव्हतं का, अशा.

आणि आज त्या सत्रात मी नेणारच नव्हते त्यांना. गुडघ्यांच्या सत्रात नेणार होते. पण दारावरची पाटी बघितली आणि उभ्या राहिल्या, हलायला तयार नाहीत. वाचता येत होतं की नाही देव जाणे. विस्मरणाच्या आजारांचे नवे कोड — हेच नेमकं. आत बसलो. तुम्ही बघितलंच ना, ती पोरगी स्टेजवर शिकवत होती ती ताईंचीच विद्यार्थिनी. आता नुसता आजार लिहून चालत नाही, पायरी लिहायची — सौम्य, मध्यम, तीव्र. पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत. ताई अगदी ताठ बसून ऐकत होत्या. आणि प्रश्न विचारायची वेळ झाली तशा ज्या उठल्या — मी त्यांची पर्स खाली पडली ती उचलतेय तोवर माइकपाशी. ती पोरगी किती हरखली बघितलंत? अय्या, मॅडम! ह्यांनी मला शिकवलंय, म्हणाली सगळ्यांना. टाळ्या पडल्या. आणि मग ते थांबणं. माझा जीव नुसता — तुम्हाला किती वेळ वाटला? मला तर वाटलं संपतच नाही. मॅडम, विचारा ना, विचारा ना. आणि ताईंनी बोट वर करून पडद्याकडे दाखवलं आणि म्हणाल्या — मधला.

तुम्हाला काय वाटलं? खरं सांगा. खुर्ची ना? मधली खुर्ची हवी असं? हो, मधे बसलेला तो माणूस उठलासुद्धा बिचारा जागा द्यायला. आणि पोरीला वाटलं मधल्या पायरीचा अर्थ विचारतायत, ती समजावून सांगायला लागली. मध्यम म्हणजे, मॅडम, ज्यांना रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते, ओळखीच्या ठिकाणीही चुकायला होतं — आणि ताई माना हलवतायत. हो, हो. शहाण्या मुलीसारख्या. प्रश्न नव्हता तो. कळलं का तुम्हाला? त्या स्वतःचा कोड सांगत होत्या हो. कित्येक दिवसांनी एक शब्द अचूक लागला होता, तो सांगायला उठल्या होत्या.

अचूक नव्हता पण.

काही नाही. काही नाही म्हटलं ना. पाणी संपलं वाटतं, असू दे. म्हणजे — मधला नाही आता तो. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आत बोलावलं एकटीला. म्हणाले, आता तिसरी. ताई बाहेर बसल्या होत्या, स्वतःच्या चपलांकडे बघत. आणि मी घरी येऊन काय सांगितलं? मध्यमच आहे म्हणाले. आहे तसंच आहे. चेहरा न हलवता सांगितलं. कारण मोठे दीर म्हणाले होते, तिसरी पायरी म्हटली की आपल्याच्याने नाही व्हायचं, तिकडे संस्थेत ठेवू. वाईट नाहीत हो ते. त्यांना दोष नाही देत मी. स्वतःच्या हाताने त्यांचे केस विंचरतात, आंघोळ घालतात, ह्या त्यांना ढकलतात, परका समजून ओरडतात, आणि मग ते बाल्कनीत जाऊन उभे राहतात पाठ करून. म्हातारा माणूस आहे. आमचे हे भावाच्या शब्दाबाहेर नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचंही. जागा बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, मोठ्या खिडक्या आहेत. मी बघून आले. तिथे एक बाई दिवसभर रुमालाची घडी घालत होती आणि उलगडत होती. मी परत आले आणि मध्यम सांगितलं. ताई शुद्धीत असत्या तर ठेवला असता हा कागद माझ्यापुढे परत.

आणि आणलं कशाला इथे, असंच ना? घरी सांगितलं, हवापालट, जुनी माणसं भेटली की बरं वाटेल. छान वाटलं सगळ्यांना. आणि त्यांनी मला बजावलं होतं हो. बोलता येत होतं तेव्हाच. माझं असं झालं की चारचौघांत नेऊ नकोस मला, धाकटे, शप्पथ घे. घेतली होती. पण मला एकटीला यायचंच नव्हतं. ह्या हॉलच्या दारातून मी कधी एकटी आत गेलेच नाहीये. शेजारच्या खुर्चीवर त्या बसल्यात, एवढंच मला — आणि लोक बघतात ते बघू देत, असं वाटलं. आता वाटतंय नको होतं आणायला. परवा सकाळी मला बाई म्हणाल्या. ओ बाई. कामवालीला हाक मारावी तशी. आणि मी ओ दिली. काय करणार? कुणीतरी ओ द्यायला हवी.

पुढचं विचारू नका. पुढचं पाठ आहे मला, त्यांनीच शिकवलंय.

बराच वेळ झाला का हो? नाही, झाला ना? तुम्ही आलात तेव्हा नुकत्याच — थांबा. थांबा हं. ताई? ... ताई, झालं का? मी आहे. आत येऊ? येतेय हं मी.

— कुठल्या दारामागे आहात? टकटक करा. हां. हां, कळलं. कडी काढा ताई. कडी. ती, दाराला — लोखंडाची, बोटाने सरकवायची. नाही नाही, दार ओढू नका, ओढून नाही उघडणार. तुमच्या पोटाच्या उंचीवर बघा. चकचकीत आहे. धरलीत? आता बाजूला सरकवा. उजवीकडे. उजवा हात, ताई — उजवा, ज्याने लिहितो तो — रडू नका. रडू नका, काही झालेलं नाही, मी इथेच आहे. मी धाकटी. धाकटी हो तुमची. नाही, बाई नाही — बरं, बाई. बाई आहे मी. घाबरू नका.

तुम्ही कशाला आलात आत? जा ना. जा तुम्ही, लेक शोधत असेल. आणि कुणाला सांगू नका, ऐकताय ना, घरी कळलं तर — मी काढते त्यांना, मला सवय आहे, मी बोलत राहिले की करतात त्या. ताई, आपटू नका हात, लागेल. ताई, हात नका — ताई? काय लागलं? पडलात का? बोला ना काहीतरी. ताई.

...

उभ्या काय राहिलात. जा, बोलवा कुणाला तरी.