दहा मिनिटांचा विसावा

बारकूबाबाच्या धाकट्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी नाशिकच्या बसथांब्यावर त्याच्या कानावर हे बोलणं पडलं. कांदा वाळवण्याच्या कारखान्यातली बयाबाई आणि तिथंच नव्याने लागलेली कॉम्प्युटरवाली हर्षाली रांगेत त्याच्यापुढे होत्या.

"मावशी, आता कारखान्याच्या स्क्रीनवर तुमच्या नावापुढे 'यंत्र बंद'ची लाल खूण येणार नाही."

"मंग सोमवारी कामावर येऊ ना? साहेब म्हणले, मी यंत्र बंद करून झोपते."

"या बिनधास्त. चूक स्क्रीनची होती. यंत्र पाच मिनिटं थांबलं की 'बंद' लिहायचं, असं त्यात आधीपासूनच भरून आलं होतं. कुणी बदललंच नाही."

"आन मी थांबवते दहा मिनिटं. वाफ जाऊ दिली नाय तर चकत्या चिकटून लाडू व्हतो कांद्याचा!"

"म्हणून आता पंधरा मिनिटं केलीत. साहेबांना दाखवलं, तर हसले."

"हसले? मला तर लय टाकून बोलले व्हते."

"आता या थांबण्याला स्क्रीनवर नाव द्यायचंय. ही रीत कुणाची?"

"आमच्या ह्यांची. माझ्याआधी तेच व्हते यंत्रावर."

"ह्यांचं नाव काय?"

"अगं बाई! चाळीस वर्षांत कधी घेतलं नाय."

"मग काय लिहू, 'ह्यांचा विसावा'?"

बारकूबाबासकट सगळी रांग हसली. बयाबाईही हसली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लिही. सावळीराम."

"एकदा आणा की त्यांना, स्क्रीनवर त्यांचं नाव दाखवू."

"गेल्या माघात वारले ते, पोरी."