एकोणतीन

विट्याला जाणारी गाडी सांगली स्टँडवर उभी होती. राहीबाईंनी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले, पण कान काही मिटता येत नाहीत. मागच्या सीटवर मायलेकी बोलत होत्या.

"मम्मी, पप्पांचं आकड्यांचं पुस्तक घेतलंयस न्हवं?"

"पिशवीत हाय. झोप जरा, ईशू."

"वाच की मग. पप्पा गेल्यापासनं कुणी वाचलंच न्हाई."

"मला न्हाई जमत त्यांच्यावानी. वाचता वाचता ते आदी हसायचं, मग आपन."

"एकोणतीसचं पान तरी वाच."

"गाडी हालतीया गं. अक्षरं दिसंनात."

"गाडी अजून सुटलीच न्हाई, मम्मी."

मागं पिशवीची चेन उघडली, पुन्हा बंद झाली.

"ऱ्हाऊ दे, मीच सांगते. एकोण म्हंजे एक उणा. तिसातला एक गेला, तरी नावात तीस ऱ्हातंच. पप्पा म्हनायचं, लय इमानी आकडा हाय."

"व्हय. म्हनायचं खरं."

"काल शाळेत बाईंनी इचारलं, घरात किती जण? मी म्हनलं, एकोणतीन. समदी पोरं हसली."

"दोन म्हनायचं गं, बाळा."

"दोनमधी पप्पा कुठं हायत?"

गाडी सुटली, तिकिटाचं मशीन करकरवत कंडक्टर मागच्या सीटपाशी आला.

"बोला ताई, किती जण?"

"एकोणतीन," आईचा आवाज आला.

"एकोणतीस? आन् बाकीची कुठं हायत?"