घरच्यासारखं बोला

तुमी मले चिडवायले हिरो म्हणता ना, मंग हे ऐका. कोराडीत एका लव्हस्टोरीच्या शूटिंगले मी हिरोईनच्या नवऱ्याच्या रोलमंदी होतो. प्रेमाचे पाठ केलेले डायलॉग म्हणून राहिलो होतो, पण पुण्याचा डायरेक्टर काही खुश होईना. शेवटी म्हणाला, "डायलॉग विसरा. घरी बायकोशी बोलता ना, तसं काहीही बोला."

मी हिरोईनकडे पाह्यलं अन् हळूच म्हटलं, "जेवली का वं?"

तिच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. डायरेक्टर टाळ्या वाजवत उठला. "वा! किती खरं! अभिनय वाटतच नाही!"

माझी बायको डबा घेऊन मागंच उभी होती. म्हणे, "अभिनयच हाय साहेब. घरी हे निस्तं 'वाढ' म्हणते."